उतरवायचा राहिलेला टाळ

सिरसाळ्यात रडण्याला अजून मान आहे. कोण कुणाच्या मयताला किती रडलं हे बाया विसरत नाहीत. अमकीची सून सासऱ्याला रडली ती घड्याळाकडं बघत, तमकीचा जावई मात्र पोटच्या पोरासारखा रडला, असं गिरणीच्या दारात दळणाचे डबे ठेवून वर्षानुवर्षं चालू असतं. अशा गावात केदारनाथ किराणावाल्याची स्वप्नाली सख्खी आई गेल्यावर टिपूसभरही रडली नाही. मग गिरणीला दुसरा विषय कशाला लागतोय?

"दगडाची हाय पोरगी," एक म्हणाली. "धीराची हाय," दुसरी म्हणाली. तिसरी जरा शिकलेली होती, तिनं सांगितलं की धक्का बसला की असं होतं, मोबाईलवर एक डॉक्टर सांगत होता. या तिन्ही गोष्टी स्वप्नालीच्या कानावर आल्या. तिला त्यातली एकही खोटी वाटली नाही आणि एकही लागली नाही. तिला कशानंच काही होत नव्हतं. ती सकाळी उठायची, भाकरी थापायची, पप्पांचा डबा दुकानात ठेवून बसनं परळीला कॉलेजात जायची आणि वीजकेंद्राची राख वाहणाऱ्या टिपरांची धूळ ओढणीवरून झटकत परत यायची. वर्गात सगळी हसली की तीही हसायची, फक्त जरा उशिरा. जेवण पोटात जायचं, पण मीठ कमी की जास्त ते पप्पांच्या तोंडाकडं बघून कळायचं.

तिला हवं होतं ते एवढंच, एकदा आईसाठी रडायचं. पोटभर, गिरणीतल्या बायांना पुरून उरेल असं. ते जमत नव्हतं, आणि त्याचा सगळा दोष ती भजनाला देत होती.

आता हे भजनाचं प्रकरण मुळापासून सांगितलं पाहिजे.

सिरसाळ्याच्या मठात दर सोमवारी दिवेलागणीला बायांचं शिवभजन बसतं. मंडळाच्या म्होरक्या केशरबाई. बाजारपेठेत त्यांचं शेंगदाणा तेलाचं दुकान आहे, आणि आवाजही तसाच, घाण्यातून काढल्यासारखा जाड. त्यांच्या शेजारी बसून गायची ती महादेवी, स्वप्नालीची आई. दिवसभर दुकानात साखर-शेंगदाणे तोलणारी ही बाई सोमवारी मठात बसली की वेगळीच दिसायची. बायांबरोबर त्यांची लेकरंही यायची. त्यांचं लक्ष शेवटी मिळणाऱ्या खडीसाखर-फुटाण्यांवर, तोवर ती आयांच्या मांडीवर झोपून घ्यायची. स्वप्नालीचं आणि शेजारच्या गल्लीतल्या अपेक्षाचं अख्खं बालपण असं टाळांच्या आवाजात झोपून गेलं.

पुढं मंडळाला वय झालं. कुणाचे गुडघे गेले, कुणाचे दात गेले, कुणाला सून आली आणि वेळ गेला. एका श्रावणी सोमवारी केशरबाईंनी जाहीर केलं, "ज्या पोरींनी इतकी वर्सं आमचे फुटाणे खाल्ले, त्यांनी आता ते फेडावं." चार पोरी पकडून आणल्या गेल्या. त्यात स्वप्नाली आणि अपेक्षा होत्या. त्यांना नाव पडलं शिकाऊ. एसटीत कंडक्टर शिकाऊ असतो तसं, अपेक्षा म्हणायची.

शिकाऊ करायची रीत साधीच होती. जुन्या बाईनं नव्या पोरीच्या टाळाला दोरी ओवून गाठ मारायची आणि टाळ तिच्या हातात द्यायचा. जिनं गाठ मारली तिच्यावर त्या पोरीची जबाबदारी. यात एकच अट, आईनं लेकीच्या टाळाला गाठ मारायची नाही. लेक ऐकत नाही आणि आई गप्प बसत नाही, असा केशरबाईंचा अनुभव. म्हणून स्वप्नालीची गाठ केशरबाईंनी मारली आणि अपेक्षाची महादेवीनं.

पहिले सहा महिने तोंड बंद, नुसता टाळ. नंतर धुरपद. म्हणजे पुढच्या ओळीतल्या बाईनं चरण म्हटला की मागच्यांनी पहिली ओळ परत उचलायची. मागून उचल झाली नाही तर पुढच्या बाईला दम घ्यायला जागाच राहत नाही. म्हणून केशरबाई सांगायच्या, "काय बी हू दे, धुरपद पडू द्यायचं न्हाई." शिकाऊ पोरींनी बसायचं जुन्यांच्या मागं. त्यामुळं दोन वर्षं स्वप्नालीला भजनात आईचा चेहरा कधी दिसला नाही, दिसली ती पाठ, अंबाडा आणि ब्लाउजच्या बाहीवरचा साखरेचा चिकट डाग. पण त्या पाठीवरून तिला सगळं कळायचं. डावा खांदा वर गेला की आई चरण लांबवणार, मान खाली गेली की दम संपत आला. धुरपदाला उशीर झाला की महादेवी मान न वळवता नुसता कान हलवते, असं पोरी म्हणायच्या. स्वप्नालीकडून उशीर सहसा होत नसे.

लिंगायताच्या घरी माणूस गेलं की मंडळ तिथं जाऊन बसतं. अंगणात भजन होतं, मग फुलांनी सजवलेल्या विमानात बसवून माणसाला नेतात, आणि मठाच्या कोपऱ्यापर्यंत बाया गात जातात. अशाच पहिल्या मयताला अपेक्षा रडली. ती तशी मालिकेतल्या सुनेसाठीही रडणारी पोरगी, तिथं तर समोर खरी सून रडत होती. तिचा आवाज फाटला, धुरपद कोसळलं. बाहेर आल्यावर केशरबाईंनी दोघींना समोर उभं केलं. "घरची मान्सं रडनारच, त्यांचा हक हाय. आपनबी रडलो तर धरायचं कुनी? हातात टाळ असला की डोळ्यात पानी न्हाई. कळलं?"

दोघींनी मान डोलवली. अपेक्षानं नाक पुसलं. स्वप्नालीनं मात्र ते पक्कं गाठीला बांधलं.

चौघींतल्या दोघी पुढं गेल्याच. एक लग्न होऊन उदगीरला, एक नर्सिंगला लातूरला. मागच्या ओळीत या दोघी तेवढ्या राहिल्या. आणि एका गुरुवारी सकाळी दुकानात साखर तोलता तोलता महादेवी खाली बसली. अंबाजोगाईला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दुपारी मंडळ आलं. अंगणात सतरंजी पडली, रोजच्यासारख्या ओळी लागल्या. बाया पुढं, शिकाऊ मागं. स्वप्नाली घरात आत्यांच्या घोळक्यात होती. बाहेर पेटीचा सूर लागला तशी ती उठली, खुंटीवरचा टाळ काढला आणि आपल्या जागी, अपेक्षाच्या शेजारी जाऊन बसली. कुणी तिला बोलावलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नाही. मंडळातल्या बाईनं असंच करायचं असतं, हे तिला कुठून तरी माहीत होतं.

समोर भिंतीला टेकवून आईला बसवलं होतं. हिरवी साडी, गळ्यात फुलं, मान जरा कलती. भजनात आई तिच्याकडं तोंड करून बसली होती ती ही पहिलीच वेळ. कपाळावर भस्माचे पट्टे कुणीतरी घाईत ओढले होते, ते डाव्या अंगाला वर चढले होते. महादेवीचे पट्टे कधी वाकडे नसायचे. केशरबाईंनी डोळे मिटून चरण म्हटला, त्यांचा आवाज मधेच घोगरा झाला, आणि स्वप्नालीनं धुरपद उचललं.

तिनं ते सोडलं नाही. दुसऱ्या अभंगाला नाही, चौथ्याला नाही, विमान उचललं तेव्हाही नाही. अपेक्षाचा आवाज कधीच फुटून गेला होता, ती टाळ तोंडावर धरून हुंदके देत होती. पुढच्या बायांना मागून सूर भक्कम येत होता, तो अपेक्षाचाच असं त्यांनी धरलं, म्हणून कुणी वळून बघितलं नाही. तसंही चालत्या भजनात वळून बघायचं नसतं. मठाच्या कोपऱ्यावर बाया थांबल्या, विमान पुढं गेलं, तेव्हा स्वप्नालीनं टाळ थांबवला. आता रडायचं, असं तिनं ठरवलं. ती थांबून राहिली. काहीच आलं नाही.

तेव्हापासून ते आलंच नव्हतं. दिवस-कार्यं झाली. पप्पा रात्री दुकानाचा हिशोब करता करता उगाच नाक शिंकरायचे, तिकडं ती बघायची आणि त्यांना पाणी नेऊन द्यायची. ती सोमवारी भजनाला जाई, तिथंही चुकायचं काही नाही. आईच्या जागी कुणी बसत नव्हतं. त्या रिकाम्या सतरंजीकडं बघत ती धुरपद धरायची, वेळेवर, सुरात, नळाला पाणी यावं तसं.

शेवटी उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी ती टाळ घेऊन केशरबाईंच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं. केशरबाई पंख्याखाली पाय पसरून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाजी निरोप पाठवत होत्या. त्यांना टाइप करायचा कंटाळा.

"शरणार्थ मावशी."

"शरणार्थ. ये गं. तेल संपलं व्हय?"

स्वप्नालीनं टाळ काउंटरवर ठेवला. "हा घ्या. मला न्हाई ठेवायचा आता."

"कावून? काय चुकतंय का तुझं?"

"चुकत न्हाई, तेच तर हाय. मम्मी गेली तवाबी चुकलं न्हाई. हातात टाळ असला की रडायचं न्हाई म्हणलात. न्हाई रडले. आता हातात टाळ नसला तरी येईना." ती हे भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात बोलत होती. "तुमच्या भजनानं माझं रडणं खाल्लं मावशी."

केशरबाईंनी फोन उलटा ठेवला. "त्या दिवशी टाळ हातात हुता तुझ्या? सुरवातीला म्हनतीस ना?"

"शेवटपत्तर होता."

"मग उतरवला कुनी?"

"काय उतरवला?"

केशरबाईंनी पसरलेले पाय जवळ घेतले. मग पदरानं तेलकट हात पुसले, पुसलेलेच परत पुसले.

"अगं माय," त्या म्हणाल्या. "अगं, घरातलं मानूस गेलं की मंडळातली बाई टाळ घेऊन बसती. एक अभंग म्हनती. तेवढी तिची सेवा. मग शेजारची तिच्या हातातून टाळ काढून घेती. आपल्या हातानं खाली ठेवायचा नसतो, दुसरीनं उतरवायचा असतो. उतरवला की ती मंडळाची न्हाई, घरची. मग तिनं छाती बडवून रडावं, कुनी नाव ठेवत न्हाई. माझा मालक गेला तवा माझा टाळ तुझ्या मायनं उतरवलता. माझी बोटं निघनात, तर एकेक करून सोडवलती तिनं."

"मला न्हाई सांगितलं कुणी."

"कुनालाच सांगितलं न्हाई गं! आमाला कुटं कुनी सांगितलंतं? आमी बघून शिकलो. आमाला वाटलं, अपेक्षा बसलीय शेजारी, ती उतरवंल." केशरबाईंचा जाड आवाज बारीक झाला. "आमी तुमाला निम्मंच शिकवलं."

अपेक्षाला माहीत नव्हतं, पुढच्यांना दिसलं नव्हतं. दोष कुणाचा म्हणावा तर कुणाचाच नाही. स्वप्नालीनं हे सगळं ऐकून घेतलं. तिला अपेक्षाचा राग आला नाही, केशरबाईंचाही नाही. राग यायलाही आत काहीतरी जागं लागतं.

"मग आता उतरवा," ती म्हणाली.

"इथं? तेलाच्या दुकानात?" केशरबाईंनी टाळ तिच्याकडं सरकवला. "मयताच्या अंगनात उतरतो तो. इथं घेतला तर नुसतं पितळ व्हईल गं ते."

"मग मी काय करू?"

"मला न्हाई ठाव," केशरबाई म्हणाल्या. ही बाई आयुष्यात हे वाक्य फारसं बोलली नसेल. मग काय करावं ते न सुचून त्यांनी एक किलो तेलाची बाटली भरली आणि पैसे न घेता तिच्या पिशवीत ठेवली. स्वप्नाली टाळ आणि तेल घेऊन घरी आली. टाळ खुंटीला अडकवला, तेल डब्यात ओतलं.

त्यानंतर महिनाभरात अपेक्षाचे आजोबा गेले. महारुद्रआप्पा, जुने कापडवाले, नव्वदीला टेकलेले. दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचे. स्वप्नाली लहानपणापासून त्या ओट्यावरून ये-जा करत होती, पण आप्पांचं तिच्याशी उभ्या जन्मात एकच बोलणं झालं, "कुनाची गं तू?" ती सांगायची. दुसऱ्या दिवशी परत, "कुनाची गं तू?" त्यापलीकडं तिचा त्यांचा काही संबंध नव्हता. सकाळी ग्रुपवर आप्पांचा फोटो आला, खाली लिंगैक्य असा शब्द आणि हात जोडलेले. स्वप्नालीनंही हात जोडलेले टाकले, कॉलेज बुडवलं आणि टाळ घेऊन गेली.

अंगणात मांडव घातला होता, तरी ऊन गाळून खाली येत होतं. आप्पांना भिंतीला टेकवून बसवलेलं, डोक्याला फेटा. मंडळ बसलं. अपेक्षा आतून टाळ घेऊन आली आणि शेजारी बसली. तिचे डोळे सुजले होते, पण ओठ घट्ट मिटलेले. नियम म्हणजे नियम, तो तिनंही या वेळी पाळायचाच ठरवलेला दिसत होता. पहिला अभंग सुरू झाला. अपेक्षानं धुरपद धरलं, हलत्या आवाजात का होईना धरलं. अभंग संपला. दुसऱ्याचा चरण केशरबाईंनी उचलला, आणि स्वप्नालीनं आपला टाळ मांडीवर ठेवून अपेक्षाच्या हातांवर हात ठेवले.

अपेक्षा घाबरून बघायला लागली.

"दे," स्वप्नाली हळूच म्हणाली. "जा. घरची हायस तू."

टाळ सुटला मात्र, आणि अपेक्षानं असा हंबरडा फोडला की पेटीवाली बाई दचकली. ती उठली, धडपडत जाऊन आप्पांच्या पायांवर पडली. स्वप्नालीनं तिचा टाळ बाजूला ठेवला. त्याच्या दोरीची गाठ आईच्या हातची होती, ती तिनं बघितली. मग आपला टाळ उचलला आणि एकटीनं धुरपद धरलं. काम नीट झालं होतं. आत काही हललं नव्हतं.

पण तो हंबरडा ऐकून केशरबाईंनी डोळे उघडले होते. चरण अर्ध्यावर सोडून त्या थांबल्या. तीस-एक वर्षांत असं कधी झालं नसेल. एक हात जमिनीला टेकवून त्या वळल्या, दोन बायांच्या मधून गुडघ्यांवर सरकत मागं आल्या आणि स्वप्नालीसमोर बसून तिचा टाळ धरला.

"सोड."

"धुरपद पडंल मावशी."

"पडू दे."

"मम्मीचं न्हाई हे. आप्पांचं मयत हाय."

"मयताचं अंगन हाय. सोड म्हनते ना."

स्वप्नालीला सोडायचा होता, पण बोटं ऐकेनात. केशरबाईंनी करंगळीपासून सुरुवात केली. एक बोट, मग दुसरं. दोरीचा वेढा मनगटावरून काढला. टाळ निघाला तसं धुरपद खरंच पडलं. अंगणात क्षणभर नुसतं रडणं ऐकू आलं, घरच्यांचं, अपेक्षाचं. मग पुढच्या ओळीतून कुणीतरी बोळक्या तोंडानं पहिली ओळ उचलली, दुसरीनं त्यात आवाज मिसळला, तोही बेसूर. चाल वाकडीतिकडी झाली, पण चालली. स्वप्नालीशिवाय चालली.

तिचे हात मांडीवर पडले होते. दोन्ही मोकळे. काय करायचं त्यांचं, ते तिला कळेना. समोर आप्पा बसले होते, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, सरळ, कुणीतरी निगुतीनं ओढलेले. ते बघताना तिला आईच्या कपाळावरचे वाकडे पट्टे दिसले. त्या दिवशी पहिल्या अभंगापासून तिला उठून ते पुसायचे होते आणि नीट ओढायचे होते. एवढंच करायचं होतं तिला. चार पावलांवर आई बसली होती. पण दोन्ही हात टाळात होते, म्हणून ते राहिलं, आणि आई तशीच वाकड्या कपाळानं गेली.

स्वप्नालीच्या घशातून एक आवाज आला. तो तिला स्वतःला ओळखू आला नाही. मग ती रडायला लागली, आणि ते रडणं साधंसुधं नव्हतं. ओरडून, गुडघ्यात डोकं घालून, सतरंजी मुठीत धरून ती रडली. अपेक्षाचं रडणं तिच्यापुढं फिकं पडलं. घरचे लोकही क्षणभर आपलं रडणं विसरून तिच्याकडं बघायला लागले. केशरबाई दोन्ही टाळ पोटाशी धरून तिथंच मागच्या ओळीत बसल्या आणि त्यांनी धुरपदात आवाज घातला.

गिरणीजवळची साखराबाई गर्दीतून वाट काढत आली. हीच बाई वर्षभर दगडाची पोरगी म्हणत होती. तिनं स्वप्नालीला छातीशी धरलं, पाठीवरून हात फिरवला.

"नगं माय, नगं रडू इतकी. पिकलं पान हुतं ते," ती म्हणाली. "लई जीव हुता व्हय गं तुझा आप्पांवर?"

स्वप्नालीनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"हो," ती म्हणाली. "लई होता."